‘स्टार्ट’ म्हणू नका म्हणे!

परवा सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर आमच्या घरच्या ग्रुपवर एक चित्र आलेलं. कडेनं सूर्यफुलं, मध्ये दोन रकाने. डावीकडे लाल फुल्या, उजवीकडे हिरव्या बरोबरच्या खुणा. वर मथळा, ‘साधं इंग्रजी सोडा, स्मार्ट इंग्रजी बोला’. डावीकडचे शब्द होते बिगिन, स्टार्ट, जॉइन आणि टेक पार्ट. उजवीकडचे कमेन्स, इनिशिएट, एन्रोल आणि पार्टिसिपेट. म्हणजे डावीकडचे टाकून द्यायचे आणि त्यांच्या जागी उजवीकडचे घालायचे, जुना अभ्रा काढून नवा घालावा तसे. अर्ध्या तासात अकरा अंगठे पडले. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी तर ‘खूपच उपयुक्त, मुलांना पाठवते’ असंही लिहिलं.

मी अंगठा दिला नाही. ‘हे चुकीचं आहे, मुलांना पाठवू नका’ एवढं एकच वाक्य लिहिलं. झालं! दुपारी भाच्याचा फोन. “मामी, तू तर जन्मभर इंग्रजी शिकवलंस. मुलांचा शब्दसंग्रह वाढला तर तुझं काय बिघडलं?” फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. राग आला की माझं असंच होतं, मुद्दे नंतर सुचतात. म्हणून आता सावकाश लिहून काढते. भाचा हे पान वाचतो. त्यानं हे शेवटपर्यंत वाचावं आणि मग हवं तर माझ्याशी भांडावं.

आधी एक कबुली देते. मी बी.ए. केलं ते मराठी माध्यमातून आणि मराठी हाच विषय घेऊन. मिरजेजवळच्या ज्या गावातल्या शाळेत मी लागले, तिथे इंग्रजी शिकवायला कुणी टिकत नव्हतं, म्हणून १९७५ साली तो विषय माझ्या गळ्यात पडला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे मी काही इंग्रजीची पंडित नव्हे. तर्खडकरांची भाषांतरमाला आणि एक जुना शब्दकोश यांच्या आधारानं मी आधी शिकले आणि एक धडा पुढे राहून मुलांना शिकवत गेले.

आणि दुसरी कबुली जास्त महत्त्वाची. तो सूर्यफुलांचा तक्ता मी लगेच ओळखला, कारण कित्येक वर्षं तसलाच तक्ता मी स्वतः फळ्यावर काढत होते. बिगिन, मग बरोबरचं चिन्ह, स्टार्ट, पुन्हा बरोबरचं चिन्ह, कमेन्स. शेवटी मराठीत ‘सुरू करणे’. मुलं निमूटपणे वहीत उतरवून घेत. आता गणितात दोन बाजू समान असल्या की एकीच्या जागी दुसरी ठेवता येते, हे त्यांना आदल्याच तासाला शिकवलेलं असायचं. त्यांनी इथेही तेच केलं. ‘आय स्टार्टेड द मोटर’ बरोबर, म्हणून एकानं ‘आय बिगॅन द मोटर’ लिहिलं. मी लाल शाईनं ते खोडलं आणि अर्धा गुण कापला. आज वाटतं, त्या मुलानं माझ्याच तक्त्याप्रमाणे लिहिलं होतं. चूक तक्त्याची, गुण गेला त्याचा.

तर मुद्दा पहिला. ते बरोबरचं चिन्हच खोटं आहे.

बिगिन हा इंग्रजांचा अगदी घरचा, जुना शब्द. गोष्ट, भाषण, दिवस, काम, ज्याला आदि-मध्य-अंत आहे ते सगळं ‘बिगिन’ होतं. स्टार्टही जुनाच, पण त्याचा मूळचा अर्थ उडी मारणं, एकदम हलणं. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘शी स्टार्टेड’ असं वाक्य आलं की ते ‘ती दचकली’ असं वाचायचं असतं. स्टार्टल, म्हणजे दचकवणं, हा त्याच घरातला शब्द. ‘सुरू करणे’ हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. म्हणून जे थांबलेलं असतं आणि धक्का बसून हलतं, ते स्टार्ट होतं. मोटर, पंप, गाडी, भांडण, अफवा. पुण्याला निघालो तर ‘वुई स्टार्टेड फॉर पुणे’. इथे बिगिन घालून पाहा, वाक्य लंगडतं. एवढी एक गोष्ट मी मुलांना सांगितली असती, तर ते मोटरचं वाक्य कुणीच चुकवलं नसतं. शेतावरची मोटर झटका देऊन कशी सुरू होते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता कमेन्स. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. शेतकरी, लोहार, घरातल्या बाया इंग्रजी बोलत राहिल्या. कमेन्स हा त्या फ्रेंचांबरोबर आलेला शब्द. त्याच्या अंगावर अजून दरबारी झगा आहे. म्हणून तो शोभतो कुठे, तर कायद्यात, करारनाम्यात, परीक्षेच्या सूचनेत. आपल्याकडच्या कायद्यांच्या पहिल्याच कलमाचा मथळा बहुधा संक्षिप्त नाव, व्याप्ती आणि प्रारंभ असा असतो, त्यातला प्रारंभ म्हणजे कमेन्समेंट. आपल्या राज्यघटनेत तर कमेन्समेंट नावाचं स्वतंत्र कलमच आहे, ३९४ वं. घटनेतली काही कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली आणि बाकीची २६ जानेवारी १९५० पासून, हे त्यात सांगितलं आहे. तिथे स्टार्ट लिहिलं असतं तर कसंसंच वाटलं असतं, हे मला मान्य.

पण घटनेला शोभतं ते घरात शोभतं का? मराठीत पाहा ना. आपल्याकडे सुरू आहे, आरंभ आहे, प्रारंभ आहे, श्रीगणेशा आहे, मुहूर्तमेढ आहे, हात घालणं आहे, आणि सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं साधं ‘लागणे’ आहे. बाळ रडू लागलं, पाऊस पडू लागला. आता गॅसवर दूध ठेवलंय आणि सूनबाई धावत येऊन सांगते, “आई, दूध उतू जाण्यास प्रारंभ झाला आहे.” काय कराल? गॅस बंद करायच्या आधी तिच्याकडे बघत राहाल. मराठीत जे बोलताना आपल्याला हसू येतं, तेच इंग्रजीत बोलायला आपण पोरांना शिकवतो, आणि त्याला स्मार्ट म्हणतो. ‘इट कमेन्स्ड टु रेन’ ऐकून इंग्रजी माणसाला साधारण हेच वाटत असणार.

इनिशिएटची गत आणखी वेगळी. तो शब्द ‘मी पहिलं पाऊल उचललं, बाकीचे मागून आले’ अशा अर्थानं येतो. बोलणी इनिशिएट करतात, चौकशी इनिशिएट करतात. आणि त्याचा दुसरा अर्थ आहे दीक्षा देणं. ‘स्टार्ट’च्या जागी सरसकट इनिशिएट घातलंत, तर ‘मी जेवायला सुरुवात केली’ याचं ‘मी जेवणाचा उपक्रम हाती घेतला’ होईल. करायचंय का तसं?

गंमत म्हणजे त्या तक्त्यात इंग्रजीचे खरे कामकरी शब्द एकही नव्हते. सेट आउट, सेट अबाउट, सेट इन, टेक अप, जॉइन इन. दोन-दोन टिकल्यांएवढे शब्द, पण इंग्रज माणूस दिवसभर यांवरच जगतो. ‘सेट आउट’ म्हणजे निघणं किंवा मनाशी ठरवून निघणं. ‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला भिडणं. ‘टेक अप’ म्हणजे एखादा छंद, नवं काम धरणं. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन ठाण मांडणं, आणि ते बहुधा नको असलेल्या गोष्टीचं. थंडी, अंधार, कूज, निराशा. पाऊसही. त्याच सेटपासून ऑनसेट. हवामान खातं दर वर्षी मान्सूनचा ऑनसेट जाहीर करतं, केरळात त्याची सर्वसाधारण तारीख १ जून. आजाराच्या सुरुवातीलाही डॉक्टर ऑनसेटच म्हणतात. असे शब्द मी वर्गात कधी शिकवले? जवळजवळ नाहीच. आखूड शब्दांत शिकवण्यासारखं काय असतं, असं मलाही वाटायचं.

आता भाग घेण्याच्या शब्दांकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

तक्ता म्हणतो, जॉइन नको, एन्रोल म्हणा. टेक पार्ट नको, पार्टिसिपेट म्हणा. पैकी दुसऱ्या जोडीत तर हसण्यासारखी गोष्ट आहे. पार्टिसिपेट हा लॅटिनमधल्या दोन शब्दांचा जोड, एकाचा अर्थ भाग आणि दुसऱ्याचा घेणे. म्हणजे टेक पार्टच की! तोच माणूस, एकदा धोतरात आणि एकदा सुटात. सुटातल्याला हिरवी खूण आणि धोतरातल्याला लाल फुली. आपल्या समाजात माणसांचं जे होतं, तेच या तक्त्यानं शब्दांचं केलंय.

पण बाकीचे शब्द मात्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अटेंड म्हणजे हजर असणं. जॉइन म्हणजे त्यांच्यातलं एक होणं. टेक पार्ट म्हणजे तिथे जाऊन काहीतरी करणं. एंटर म्हणजे स्पर्धेत नाव घालणं किंवा आत शिरणं. एन्रोल म्हणजे पटावर नाव चढवणं. लग्न घ्या. आपण शंभर लग्नं अटेंड करतो, अक्षता टाकतो, जेवतो, आहेर देतो आणि घरी येतो. त्या लग्नात पार्टिसिपेट करतो तो नवरीमागे उभा राहणारा मामा. वरातीत नाचायला जो मध्येच घुसतो, त्यानं ‘जॉइन इन’ केलं. वारीचंही तसंच. रस्त्याच्या कडेला उभं राहून पालखीचं दर्शन घेणारा वेगळा, एक टप्पा दिंडीबरोबर चालणारा वेगळा आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणारा वेगळा. मराठीत हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत तर हा फरक घरोघर दिसला. माझी नात तेव्हा पाचवीत होती. सकाळी फोनवर वर्ग भरायचा. पडद्यावर बटण यायचं, जॉइन. ती ते दाबायची, म्हणजे जॉइन झाली. बाईंनी हजेरी घेतली की ‘येस टीचर’ म्हणायची, म्हणजे अटेंड केलं. मग कॅमेरा बंद करून खाली मांजराशी खेळत बसायची. पार्टिसिपेट शून्य! तीन शब्दांतला फरक माझ्या डोळ्यांसमोर, एका सतरंजीवर. आता सांगा, या तिघांमध्ये बरोबरचं चिन्ह घालणाऱ्याला काय म्हणायचं?

शिवाय प्रत्येक शब्दाची संगत वेगळी. पार्टिसिपेटला ‘इन’ लागतो. अटेंडला काही लागत नाही, आणि ‘टु’ लावला तर अर्थच बदलतो, हजर राहण्याऐवजी लक्ष पुरवणं होतं. जॉइनला शाळा, कंपनी, पक्ष यांच्या आधी काही नको. खोलीत शिरताना नुसतं एंटर, करार करताना मात्र ‘एंटर इनटू’. आपली मुलं ‘आय जॉइन्ड इन द कॉलेज’ म्हणतात, ‘आय अटेंडेड to’ च्या थाटात ‘टु द मॅरेज’ म्हणतात, त्याचं कारण ती मठ्ठ आहेत हे नव्हे. मराठीत आपण कॉलेजात जातो आणि लग्नाला जातो. आपले ‘त’ आणि ‘ला’ त्यांच्याबरोबर इंग्रजीत जातात. हे एकदा समजावून सांगितलं की चूक सुटते. तक्त्यात ते सांगायला जागाच नसते. तक्ता सुटा शब्द देतो, संगत देत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला फोनवर बोलता आलं नाही.

१९८१ च्या सुमाराची. माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. वडिलांची दोन एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. माझा तक्ता त्याला पाठ होता, नव्हे, इतर मुलांचा तो पाठ करून घ्यायचा. अकरावी-बारावी झाली, टायपिंग शिकला आणि एका खाजगी कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेला. अर्ज मीच तपासून दिला होता. त्यात मी हौसेनं कमेन्स घातला होता.

मुलाखत चांगली झाली म्हणे. टायपिंग झालं, हिशेब झाला. शेवटी साहेबांनी विचारलं, “व्हेन कॅन यू जॉइन?”

पोरगं गप्प.

जॉइन हा शब्द त्याला येत नव्हता असं नाही. त्याला जो जॉइन येत होता तो मी शिकवलेला. ‘जॉइन द फॉलोइंग सेंटेन्सेस.’ खालील वाक्ये जोडा. दर परीक्षेत चार गुणांचा प्रश्न. तो विचार करत बसला, साहेब कशाला काय जोडायला सांगतायत? साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यानं धीर करून म्हटलं, “विच सेंटेन्सेस, सर?” खोलीत हशा पिकला. “बरं, कळवू” म्हणाले. कळवलं नाही.

नोकरी तेवढ्याच कारणानं गेली असं मी म्हणत नाही, आणखीही कारणं असतील. पण हे मला त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही. वर्षभरानं त्याच्या बहिणीनं हळदीकुंकवाला आली असताना सांगितलं, हसत हसतच. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते. ज्या मुलाला कमेन्स येत होता त्याला जॉइन आला नाही. नोकरीच्या दारात पहिल्यांदा विचारला जाणारा शब्द! तो मी त्याला दिला नव्हता, कारण तो माझ्या लेखी फार साधा होता. वाक्यं जोडण्यापलीकडे त्यात शिकवण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

आणि काय नव्हतं त्या शब्दात? पुढे निवृत्तीनंतर शब्दकोश चाळायचा नाद लागला, तेव्हा कळलं. जॉइन हा फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. आणि त्या लॅटिन शब्दाचं मूळ आणि आपल्या संस्कृतातला युज् धातू यांचं मूळ एकच. योग, संयोग हे त्यातूनच. बैलाच्या मानेवर ठेवतात ते जू, म्हणजे संस्कृतातलं युग, तेही त्यातलंच, आणि इंग्रजीतला योक हा जुवाचा सख्खा भाऊ. रेल्वेचं जंक्शन म्हणतो तेही त्याच घराण्यातलं. अहो, मिरज जंक्शनच्या पाट्या वाचत तो मुलगा लहानाचा मोठा झाला होता. रोज सकाळी बापाला बैल जुंपताना बघत होता. ‘जॉइन म्हणजे जू मानेवर घेणं, कामाला जुंपून घेणं, बाळ’ एवढं एक वाक्य मी वर्गात बोलले असते, तर तो शब्द तो जन्मात विसरला नसता. साहेबांनी विचारल्यावर लगेच म्हणाला असता, ‘टुमॉरो, सर.’

म्हणून भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. शब्दसंग्रह वाढण्याला माझी ना नाही. पण हा तक्ता शब्द वाढवत नाही. मुलाजवळ जे चार शब्द आधीच आहेत, जे जगात सगळीकडे चालतात, त्यांच्यावर लाल फुली मारतो. त्या मुलाला उद्यापासून स्टार्ट म्हणायची लाज वाटणार. कमेन्स वेळेवर आठवणार नाही. मधल्या मध्ये ते गप्प बसणार. आपल्याकडे इंग्रजी ‘येत नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्यांत अशा माणसांची संख्या मोठी आहे, हे मी तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. शब्द असतात, पण ते हलके आहेत असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

आणि हे हलकं ठरवलं कुणी? इंग्रजांनी तर नाही. त्यांच्यातल्या जाणत्यांचं म्हणणं बरोबर उलट आहे. फाउलरचा इंग्रजी वापराचा कोश १९२६ सालचा. कमेन्सपेक्षा बिगिन हाच स्वाभाविक शब्द, असा त्याचा सल्ला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारच्याच खजिना खात्यानं सर अर्नेस्ट गावर्स यांच्याकडून आपल्या कारकुनांसाठी एक पुस्तक लिहून घेतलं, ‘प्लेन वर्ड्स’ म्हणजे साधे शब्द. ते १९४८ ला निघालं. सरकारी पत्र सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून कारकुनांनी साधं लिहायला शिकावं, एवढाच त्याचा हेतू. आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या ऑर्वेलनं १९४६ च्या एका निबंधात लेखकांसाठी नियम दिले, त्यातला एक असा की आखूड शब्दानं भागत असेल तर लांब शब्द वापरू नये. ज्यांची ही भाषा ते आपल्या कारकुनांना लांब शब्द सोडायला सांगतायत, आणि आपण ते वेचून आणून नातवंडांना देतोय, तेही सूर्यफुलं काढून!

एक आक्षेप मला ठाऊक आहे. “परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, त्याचं काय?” विचारतात, खरं आहे. मग लिहावं मुलांनी. कमेन्स त्यांना वाचून कळायलाच हवा, नाहीतर परीक्षेची सूचना आणि घरभाड्याचा करारनामा कळायचा नाही. कळणं वेगळं आणि वापरणं वेगळं. पैठणी कपाटात असावीच, पण ती नेसून कुणी भांडी घासत नाही. माझं म्हणणं एवढंच की फुली काढा. दोन्ही शब्द ठेवा, आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य लिहा. मुलांना कळतं. मुलांना नेहमीच कळतं, शिकवणाऱ्यांनाच घाई असते.

गेल्या आठवड्यात धाकट्या दिरांची नात तिचा नोकरीचा अर्ज दाखवायला आली होती. पोरगी इंजिनियर, पहिलीच नोकरी. अर्जात वाक्य होतं, ‘आय विश टु कमेन्स माय पार्टिसिपेशन इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन.’ मी विचारलं, “हे तू म्हणतेस का गं कधी?” ती हसली, “नाही आजी, पण असं लिहायचं असतं ना?” चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी असंच एक वाक्य मी दुसऱ्या एका अर्जात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी पेन्सिल घेतली, ते खोडलं आणि तिला म्हटलं, तुला काय हवंय ते सांग. ती म्हणाली, त्यांच्यात जायचंय आणि एक तारखेपासून काम सुरू करू शकते. मग तसंच लिहिलं. ‘आय वुड लाइक टु जॉइन युवर टीम. आय कॅन स्टार्ट ऑन द फर्स्ट.’

दोन वाक्यं. दोन्हीत फुली मारलेला एकेक शब्द. तिनं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, “आजी, हे तर मला पाठ न करता बोलता येईल.”

असो. बरंच लांबलं. जाऊबाई, रागावू नका. ते चित्र मुलांना पाठवलं असलंत, तर त्यामागून हेही पाठवा. आणि इंग्रजी शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती, बरोबरचं चिन्ह गणिताच्या बाईंकडेच राहू द्या.